लेझर लावतात म्हणजे नेमकं काय करतात?

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पहिल्यांदा लेझर घेणारा पेशंट मिनिटभरात हमखास विचारतो, "मॅडम, मशीन चालू आहे ना?" त्याचं काही चूक नाही. शेकाची ऊब कळते, आयएफटी या विजेच्या मशीनच्या पॅडखाली मुंग्या येतात, ट्रॅक्शनला कंबर ओढली जातेय हे समजतं. लेझरमध्ये जाडसर पेनासारखा प्रोब दुखऱ्या जागी टेकवतात, डोळ्यांवर रंगीत काचांचा गॉगल चढवतात, मशीन एकदा वाजतं, अर्ध्या-पाऊण मिनिटाने पुन्हा वाजतं. झालं. ऊब नाही, मुंग्या नाहीत. घरी जाताना काहींना वाटतं, नुसता लाल लाईट दाखवून पैसे घेतले. काहींना अगदी उलटं वाटतं: लेझर म्हणजे काहीतरी मोठी गोष्ट, आता गुडघ्याचं ऑपरेशन टळलंच.

या दोघांनाही मशीनच्या पडद्यावरचे आकडे कुणी समजावून सांगितलेले नसतात. खरी गोम त्या आकड्यांत आहे. गोळी किती मिलीग्रॅमची आहे हे आपण पाकिटावर वाचतो. लेझर किती ज्यूल दिला हे मात्र विचारत नाही, आणि पुष्कळदा सांगणाराही सांगत नाही. लेझर गुणकारी की थोतांड, हा वाद गेली काही दशकं चालू आहे. त्यातला बराचसा भाग डोस न बघता घातलेला वाद आहे, असं माझं मत आहे. म्हणून डोसपर्यंत सावकाश जाऊ.

आधी उजेड कातडीतून आत जातो तरी कसा? अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. टॉर्चचा उजेड पांढरा, पण बोट लालभडक दिसतं. पांढऱ्या उजेडातले निळे-हिरवे रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनने गिळले, लाल तेवढा पलीकडे निघाला. उजेडाचा रंग तरंगलांबीत मोजतात आणि ती नॅनोमीटरमध्ये सांगतात. सुमारे ६०० नॅनोमीटरच्या खाली गेलं की हिमोग्लोबिन आणि कातडीतलं मेलॅनिन बहुतेक उजेड शोषून घेतात. ११०० च्या वर गेलं की शरीरातलं पाणीच तो अडवतं. मधल्या पट्ट्यात उजेडाला आत शिरायला वाट मिळते. फिजिओथेरपीतली जवळजवळ सगळी लेझर मशीनं याच पट्ट्यात काम करतात. जुनी हीलियम-निऑनची ६३२.८ नॅनोमीटरची, नंतरची ६५० ते ६६० ची लाल, ७८० ते ८६० ची अवरक्त, ९०४ किंवा ९०५ ची ठोक्याठोक्याने चालणारी, आणि अलीकडची जास्त ताकदीची ९८० आणि १०६४ ची.

सुमारे ७०० च्या पुढचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे प्रोबच्या टोकाला जो लाल ठिपका दिसतो तो बऱ्याच मशीनमध्ये नुसता दिशादर्शक असतो. उपचार करणारा उजेड अदृश्य असतो. 'लाल लाईट दाखवला' ही तक्रार म्हणून दुप्पट चुकीची.

वाट मिळते म्हणजे उजेड सरळ रेषेत हाडापर्यंत जातो असं नाही. कातडीत शिरताच तो चहूकडे विखुरतो. निम्म्याहून अधिक ऊर्जा पहिल्या काही मिलीमीटरमध्येच संपते आणि दोन-तीन सेंटीमीटर खोल गेल्यावर किरकोळ अंश उरतो. त्यामुळे कोपर, टाच, बोटांचे सांधे, जबडा, गुडघ्याच्या कडा अशा कातडीजवळच्या जागी लेझरला काम करता येतं. खुब्याचा सांधा स्नायूंच्या आणि चरबीच्या जाड थराखाली असतो. तिथे साध्या प्रोबने फार काही पोचत नाही. दुखणारी जागा किती खोल आहे, हा प्रश्न म्हणूनच पहिला.

हे सगळं सुरू झालं ते जवळजवळ अपघातानेच. प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना जुनीच होती. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं होतं. लेझर मात्र १९६० मध्ये जन्माला आला. थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिली लेझर शलाका काढली. काही वर्षांनी बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर हे शल्यवैद्य एक अमेरिकन प्रयोग पुन्हा करून बघत होते. लेझरने उंदरांमधली गाठ नष्ट होते का, हा तो प्रयोग. त्यांच्या हातातला लेझर बराच कमी ताकदीचा होता, गाठीचं काही झालं नाही. पण प्रयोगासाठी भादरलेल्या जागेवरचे केस, लेझर दिलेल्या उंदरांमध्ये लवकर उगवले. हे १९६७ चं. पुढे मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवर तोच मंद लेझर वापरायला घेतला. कापण्या-जाळण्याखेरीज लेझर आणखी काही करू शकतो, ही गोष्ट तिथून पुढे आली.

मग हा मंद उजेड पेशीत करतो काय? सगळ्यात जास्त मांडलं जाणारं उत्तर असं. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपी नावाच्या रूपात आणायचं काम त्यांचं. त्या कामाच्या साखळीच्या शेवटी सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. लाल आणि अवरक्त उजेड ते शोषून घेतं, हे रशियन संशोधक टीना कारू यांनी अनेक वर्षांच्या कामातून पुढे आणलं. दुखावलेल्या, ताणाखालच्या पेशीत या विकराला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसतो आणि काम मंदावतं. उजेडाने तो सुटतो, एटीपी वाढतं, सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. ही मांडणी छान बसते, पण अगदी पक्की झालेली नाही. हे विकर नसलेल्या पेशीही लाल उजेडाला प्रतिसाद देतात, असं अलीकडच्या एका प्रयोगात दिसलं. म्हणजे उजेड पकडणारे घटक आणखीही असावेत.

वेदनेपुरतं बोलायचं तर दोन गोष्टी जास्त हाताशी येतात. पहिली सुजेची. नॉर्वेच्या यान ब्योर्डाल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सात रुग्णांच्या दुखऱ्या टाचेच्या शिरेजवळ, म्हणजे अकिलीस टेंडनपाशी, बारीक नळी घालून तिथलं प्रोस्टाग्लँडिन ई-२ मोजलं. दाह आणि वेदना वाढवणारं हे रसायन लेझर दिल्यावर कमी झालं, खोट्या लेझरनंतर, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा केल्यावर, तसं झालं नाही. सात माणसं म्हणजे फार लहान प्रयोग, पण माणसाच्या शरीरात, नेमक्या दुखऱ्या जागी केलेलं मोजमाप म्हणून तो मोलाचा. दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. पुरेशी मात्रा दिली तर वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंमधलं वहन काही काळ मंदावतं. सिटिंग संपल्यावर लगेच थोडं हलकं वाटतं, ते बहुधा यामुळे.

आता डोस. गणित शाळेतलं आहे: वॉट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल. प्रोबची ताकद १०० मिलीवॉट असेल, म्हणजे ०.१ वॉट, आणि एका बिंदूवर तो ४० सेकंद ठेवला, तर ४ ज्यूल दिले. लेझर उपचारांसाठीची 'वॉल्ट' ही जागतिक संघटना ७८० ते ८६० नॅनोमीटरच्या लेझरसाठी बहुतेक टेंडनांवर एका बिंदूला किमान ४ ज्यूलच्या आसपास द्या म्हणते. ९०४ चा लेझर कमी मात्रेत काम करतो, तिथे किमान १ ज्यूल पुरतो.

इथपर्यंत सोपं. गोंधळ पुढे सुरू होतो. '४ ज्यूल' आणि 'दर चौरस सेंटीमीटरला ४ ज्यूल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोबच्या टोकाचा ठिपका ०.१ चौरस सेंटीमीटरचा असेल तर तिथे दिलेले ४ ज्यूल म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४० ज्यूल होतात. उलट पुस्तकात 'दर चौरस सेंटीमीटरला ४' असं वाचून कुणी या ठिपक्यावर तेवढंच दिलं, तर प्रत्यक्षात ०.४ ज्यूल गेले, ठरल्याच्या दशांश. जुन्या काळातले कितीतरी अयशस्वी प्रयोग उघडून बघितले तर मात्रा अशीच तुटपुंजी निघते. वेगवेगळ्या सांध्यांच्या दुखण्यांवरचे प्रयोग ब्योर्डाल यांनी २००३ मध्ये मात्रेप्रमाणे वेगळे काढून दाखवले, तेव्हा हेच समोर आलं.

दुसरा गोंधळ जाहिरातीत असतो. ९०४ चा लेझर सलग जळत नाही, अतिसूक्ष्म ठोके मारतो. समजा माहितीपत्रकावर '२५ वॉट' छापलंय. एक ठोका २०० नॅनोसेकंदांचा आणि सेकंदाला ५,००० ठोके, असं धरू. २५ वॉट, त्याला २०० नॅनोसेकंद, त्याला ५,००० असा गुणाकार केला की सरासरी ताकद येते ०.०२५ वॉट. म्हणजे २५ मिलीवॉट! छापलेल्या आकड्याच्या हजारावा हिस्सा. यात मशीनची लबाडी नाही, ठोक्याच्या क्षणी ताकद खरोखर २५ वॉट असते. पण '२५ वॉटचा लेझर, पाच सेकंदांत काम' असं कुणी म्हणालं तर पाच सेकंदांत ज्यूलचा आठवा भागच गेलेला असतो. एक ज्यूलला इथे ४० सेकंद लागतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हातातल्या यंत्रांनाही हेच गणित लावून बघा. पाच मिलीवॉटच्या यंत्राने एका बिंदूवर ४ ज्यूल द्यायचे तर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून जास्त वेळ. गुडघ्याभोवती असे सहा-आठ बिंदू धरले तर संध्याकाळच जाईल. टीव्ही बघता बघता दोन मिनिटं फिरवून काय साधणार?

मग भरपूर देऊन टाकावा का? तेही नाही. प्रयोगशाळेत पेशींवर वारंवार दिसलंय की मात्रा वाढवत नेली तर परिणाम वाढतो, एका टप्प्यावर शिगेला पोचतो आणि पुढे उतरतो. फारच जास्त झाली तर काम मंदावतं. वॉल्टच्या सूचनांमध्येही सूज आटोक्यात आली की मात्रा साधारण ३० टक्क्यांनी कमी करा असं आहे. पहिल्या दिवसाचा आकडा शेवटच्या दिवसापर्यंत तसाच ठेवणारा माणूस मशीन चालवतोय, उपचार करत नाही, असं मी म्हणेन.

प्रत्यक्ष सिटिंग कशी चालते ते कोपराच्या दुखण्यावर बघू. नाव टेनिस एल्बो, पण आपल्याकडे ते टेनिस खेळणाऱ्यांना क्वचितच असतं. दिवसाला तीस-चाळीस पोळ्या लाटणाऱ्या, ओले कपडे पिळणाऱ्या काकूंना असतं. पान्याने नट आवळणाऱ्या मेकॅनिकला असतं, थापी चालवणाऱ्या गवंड्याला असतं, दिवसभर माउसवर हात ठेवून बसणाऱ्यालाही. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी, म्हणजे टेंडन, कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे ती वारंवार ताणून दुखावलेली असते. कपाची मूठ धरली तरी कळ येते.

फिजिओ आधी मनगट वर करायला सांगून त्यावर दाब देतात. त्या वेळी कोपराच्या बाहेर कळ आली की निदानाला बळ मिळतं. मग बोटाच्या टोकाने हाडाचा उंचवटा आणि त्याच्या पुढचा सेंटीमीटरभर भाग चाचपून सगळ्यात दुखरी जागा शोधतात. हे चाचपणं म्हणजे अर्धा उपचार. प्रोब तिथून सेंटीमीटरभर जरी सरकला तरी उजेड भलत्याच जागी पडतो. मानही तपासून घ्यावी लागते. मानेतली नस दबली असेल तरी दुखणं कोपरापर्यंत उतरतं, आणि तेव्हा कोपरावर कितीही लेझर दिला तरी पालथ्या घड्यावर पाणी. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, असं विचारून आकडा लिहून ठेवतात. मूठ आवळायचं यंत्र असेल तर दुखायला लागेपर्यंत किती किलोचा जोर लागतो, तेही.

यानंतर कापूस आणि स्पिरिटने जागा पुसायची. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण येणाऱ्या दहांतल्या बऱ्याच कोपरांना सकाळचा बाम किंवा तेल लागलेलं असतं. ब्लाउजची किंवा शर्टाची बाही नीट वर घ्यायची. कापडावरून लेझर देणं म्हणजे कापडाला लेझर देणं. कोपर अर्धवट दुमडून टेबलावर ठेवला की दोरी कातडीजवळ येते.

गॉगल दोघांनीही घालायचा. नंतर प्रोब कातडीला काटकोनात धरून जरा दाबून टेकवतात. दाबामागे कारण आहे: त्या ठिकाणचं रक्त बाजूला सरतं, म्हणजे उजेड शोषणारं हिमोग्लोबिन कमी होतं; कातडी आणि दोरीतलं अंतर कमी होतं; आणि पृष्ठभागावरून परत उडणारा उजेडही घटतो. प्रोब दोन बोटं उंच धरून हवेतून 'दाखवणारे' दिसले तर नम्रपणे विचारा, का. उघड्या जखमेवर तसं करावं लागतं, धडधाकट कातडीवर नाही. उंचवट्याच्या पुढे दोन किंवा तीन बिंदू, प्रत्येकी ४० सेकंद किंवा मशीनप्रमाणे जो वेळ येईल तो. तेवढ्यात काकू विचारतात,

"संपलं? एवढंच?"

"एवढंच काकू. आज रात्री थोडं जास्त ठणकलं तर घाबरू नका, उद्यापर्यंत उतरतं."

असं ठणकणं सगळ्यांना होत नाही, पण पहिल्या एक-दोन सिटिंगनंतर काहींना होतं. ते दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलं तर पुढची मात्रा कमी करायची.

आणि आता खरा उपचार सुरू होतो. कोपर टेबलावर, मनगट टेबलाच्या कडेबाहेर, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि दुखऱ्या हाताने ते हळूहळू खाली सोडायचं. खाली सोडताना स्नायू लांब होता होता जोर लावतो, आणि दुखावलेल्या दोरीला पुन्हा ताण सोसायला असा व्यायाम शिकवतो. दुखणं आठवर असताना काकू हे करणार नाहीत. लेझरने ते पाचवर आलं तर करतील. फिजिओथेरपीत लेझरचं स्थान माझ्या मते इथे आहे: व्यायामाला वेळ मिळवून देणं. सोबत सवयीही बदलायच्या. पिशवी उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवायचा, कपडे पिळायचं काम महिनाभर दुसऱ्याकडे द्यायचं. (ते कुणाकडे, हा प्रश्न दवाखान्यात सुटत नाही.)

मोठ्या शहरांत हल्ली 'हाय पॉवर' किंवा 'क्लास फोर' लेझरची जाहिरात दिसते. लेझरचे हे वर्ग मुळात धोक्याप्रमाणे पाडलेले आहेत. ५ ते ५०० मिलीवॉटपर्यंत ३-बी, त्याच्या वर ४. क्लास फोर म्हणजे चौथ्या पिढीचं, जास्त सुधारलेलं मशीन, असा समज विक्रेते मोडायला जात नाहीत. या मशीनची ताकद काही वॉट असते, त्यामुळे प्रोब एका जागी ठेवता येत नाही, कातडी भाजेल. तो सतत फिरवत राहतात. ५ वॉटने ५ मिनिटं म्हणजे १,५०० ज्यूल, आणि ते कमरेच्या १५० चौरस सेंटीमीटरवर पसरले तर दर चौरस सेंटीमीटरला १०. मोठी जागा लवकर उरकते, खोलवर थोडी जास्त ऊर्जा जाते आणि सुखद ऊब मिळते, त्यामुळे 'मशीन चालू आहे ना' हा प्रश्न येत नाही. त्या उबेचाही वेदनेवर परिणाम असतोच. पण कातडी सावळी असेल तर मेलॅनिन जास्त उजेड शोषतं आणि कातडी लवकर तापते. गोंदलेल्या जागेवर तर फारच. युरोपीय कातडीसाठी भरलेला प्रोग्रॅम आपल्या माणसांवर डोळे झाकून चालवू नये. चटका जाणवला तर तोंड मिटून सहन करू नका, लगेच सांगा. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांनी ते आधीच सांगावं, कारण त्यांना चटका कळणारच नाही.

पुरावा काय म्हणतो? मानेच्या दुखण्यावर २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये रोबर्टा चाऊ आणि सहकाऱ्यांचा आढावा आला. १६ चाचण्या, ८२० रुग्ण. जुनाट मानदुखीत शंभराच्या पट्टीवर सरासरी सुमारे २० गुणांची घट, आणि परिणाम उपचारानंतर २२ आठवड्यांपर्यंत टिकलेला. गुडघ्याच्या झिजेवर २०१९ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये २२ चाचण्या आणि १,०६३ रुग्णांचा आढावा आला. खोट्या लेझरपेक्षा वेदना सरासरी १४ गुणांनी कमी. त्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे: शिफारस केलेल्या मात्रेच्या चाचण्या वेगळ्या काढल्या तर फायदा जास्त, कमी मात्रेच्या चाचण्यांत फायदा दिसलाच नाही. टेनिस एल्बोवर २००८ च्या आढाव्यात ९०४ चा लेझर थेट दुखऱ्या दोरीवर दिला तेव्हा उपयोग दिसला. अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर दिला तेव्हा नाही. जुनाट कंबरदुखीवर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये लेझरचा समावेश औषधांआधी करून बघण्याच्या उपायांत केला, पण पुरावा हलक्या दर्जाचा आहे असं स्पष्ट लिहून. व्यायामाचा पुरावा त्यांनी त्याच यादीत लेझरच्या वर ठेवलाय.

सगळ्यात भक्कम पुरावा सांध्यांचा नाहीच, तो तोंडाचा आहे. डोक्या-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन देताना तोंड आतून सोलवटतं, पाणीही गिळवत नाही. मंद लेझर आधीपासून दिला तर हे कमी होतं, आणि तशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी केली आहे. मणिपालच्या संशोधकांनी २०१२ मध्ये २२१ रुग्णांवर केलेली चाचणी या विषयात महत्त्वाची मानली जाते. तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर जिथे इतका दिसतो, त्या आपल्या भागात ही गोष्ट घरोघरी माहीत हवी होती.

जे पुराव्यात नाही तेही सांगायला हवं. 'लेझरने गुडघ्याची गादी परत भरते' असं कुणी म्हणालं तर माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. वेदना कमी होते, चालणं सुधारतं, एक्स-रे तोच राहतो. स्नायूबंध पूर्ण तुटलेला असेल, हाड मोडलेलं असेल, तर लेझर ते जोडत नाही. कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप येतोय, वजन उतरतंय किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, तर कुठलंही मशीन लावण्याआधी डॉक्टर गाठा.

धोका म्हणाल तर तो सगळ्यात आधी डोळ्यांना. अवरक्त उजेड दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो नेमका पडद्यावर गोळा करतं. साधा काळा चष्मा चालत नाही. गॉगलच्या काडीवर किंवा काचेवर कोणत्या नॅनोमीटरसाठी तो आहे हे छापलेलं असतं, ते मशीनशी जुळायला हवं. क्लास फोरच्या खोलीत आरसा उघडा नको आणि दार बंद हवं; भिंतीवरून परतलेली किरणंही त्रास देऊ शकतात. गरोदरपणात पोटा-कमरेवर, कॅन्सरच्या गाठीवर, रक्तस्राव चालू असलेल्या जागी लेझर देत नाहीत. तोंडाच्या बाबतीत वर सांगितलेला उपचार कॅन्सरचे डॉक्टर सोबत असतानाच होतो, ती पळवाट नव्हे. गळ्यापुढच्या थायरॉइडवरही टाळतात. डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाने कातडी पोळवणारी औषधं चालू असतील तर आधी सांगावं. सांध्यात प्लेट किंवा रॉड असलेले घाबरून येतात, कारण शॉर्टवेव्ह डायथर्मी या खोल शेकाच्या मशीनला अशा ठिकाणी मनाई असते. लेझरला ती मनाई तशी लागू होत नाही, पण ऑपरेशनची फाइल दाखवाच.

मशीन विकत घेता येतं म्हणून ते कुणीही चालवावं असं नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे होते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला?

सिटिंग किती, याचं उत्तर सर्वसाधारणपणे असं: रोज दिला तर दोन आठवडे, एक दिवसाआड दिला तर तीन-चार आठवडे. वीस-तीस सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी भरायला सांगत असतील तर भरू नका; सहा-सहाच्या टप्प्याने जा. पहिल्या दिवशी तीन गोष्टी फाइलवर लिहून मागा: किती नॅनोमीटर, एका बिंदूला किती ज्यूल, किती बिंदू. शेजारी दुखण्याचा शून्य ते दहामधला आकडा लिहा. सहा-आठ सिटिंगनंतर, व्यायाम नेमाने करूनही, तो आकडा हलला नसेल तर लेझर थांबवा आणि निदान पुन्हा तपासून घ्या.